डबीवाल्या कंपनीचे चार हजार शेअर

सन्माननीय दादा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पंपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे अंतर्गत हिशेब-तपासनीस, हे पत्र दोन हेतूंनी लिहितो. पहिला हेतू असा की, ज्या कंपनीचे शेअर घेण्याचा मी ऑगस्टमध्ये आपल्याला लेखी आग्रह केला होता, तो आग्रह याद्वारे मागे घेत आहे. दुसरा हेतू असा की, आपल्या बहिणीने अकरा वर्षे शाळांचे गणवेश शिवून साठवलेले आणि दुकानाच्या अनामतीसाठी माझ्याकडे सांभाळायला दिलेले पैसे, यांचे मी काय केले हे तिच्या वडीलभावाला कळवणे मला कर्तव्य वाटते. पैसे आज सकाळी सुटले आहेत. तेव्हा पुढील मजकूर बसून, परंतु न घाबरता वाचावा. आपले गुडघे व वहिनींचा खोकला कसा आहे? (मागील पत्रात दोन्हींसाठी मिळून आपण ‘ठीक’ एवढा एकच शब्द लिहिला होता. यापुढे स्वतंत्र उल्लेख असावा.)

आपल्याला स्मरत असेल, ती कंपनी एक डबी बनवते. काडेपेटीएवढी ही डबी यंत्राला चिकटवली की ती यंत्राचा आवाज ऐकत राहते आणि ते केव्हा बिघडणार हे आधीच सांगते. आमच्या कारखान्यात अशा सहा डब्या बसवल्या आणि त्यांपैकी एकीने तिसऱ्याच दिवशी मोठ्या लेथचा बिघाड बरोबर वर्तवला. (उरलेल्या पाच अद्याप मौन बाळगून आहेत. त्याचा अर्थ यंत्रे ठणठणीत आहेत असा मी तेव्हा घेतला.) मी कंपनीचा वार्षिक अहवाल मागवला व एकशे बेचाळीस पाने, तळटिपांसह, दोनदा वाचली. दुकानाची जागा ऑक्टोबरपर्यंत मोकळी होणार नव्हती. तोवर हे पैसे बँकेत नुसते लोळत पडणार, हे माझ्यातील पदवीधराला सहन झाले नाही. एकसष्ट रुपये वीस पैसे या भावाने मी चार हजार शेअर घेतले. आपल्या बहिणीला सांगितले नाही. तिला नफा झाल्यावरच सांगायचे असे ठरवले होते; आणि दादा, जगातील बहुतेक अफरातफरी याच वाक्याने सुरू होतात, हे सत्तावीस वर्षे दुसऱ्यांची कपाटे उघडून पाहणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवे होते.

मी रीतसर गणित मांडून या शेअरचे वाजवी मूल्य काढले होते. ते चौऱ्याऐंशी रुपये पस्तीस पैसे आले. सप्टेंबरच्या अखेरीस भाव चौऱ्याऐंशी रुपये तीस पैशांवर पोहोचला आणि माझी विक्रीची मागणी अर्थातच पस्तीसला लावलेली होती. आमचे खरेदी अधिकारी, ज्यांना सारा कारखाना ‘आकाशवाणी’ म्हणतो, खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आले. “साहेब, मी काढले बरं का माझे. तुम्ही?” मी त्यांना सांगितले की अजून पाच पैसे यायचे आहेत. “अहो, पाच पैशांना हल्ली भिकारीसुद्धा हात पुढे करत नाही,” ते म्हणाले. मी त्यांना समजावले की प्रश्न पाच पैशांचा नसून पद्धतीचा आहे. ते माझ्याकडे, दवाखान्यात शेजारच्या रुग्णाकडे पाहावे तसे पाहत परत गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात भाव एक्क्याऐंशीवर आला, आणि शनिवारी कंपनीच्या लेखापरीक्षकांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला. दादा, लेखापरीक्षकाला वैयक्तिक कारण नसते. सोमवारपासून जे सुरू झाले ते आपल्याला थोडक्यात समजावतो. शेअर एका दिवसात किती पडू शकतो याला मर्यादा असते. याचे पाच टक्के. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, भाव थेट त्या तळाशी जाऊन बसतो, आणि तिथे विकणाऱ्यांची रांग लागते. घेणारा कोणी नसतो. दिवसभर रांग उभी, संध्याकाळी सगळे परत घरी. दुसऱ्या दिवशी आणखी पाच टक्के खाली तीच रांग नव्याने. त्यात क्रमांक वेळेवर ठरतो. जो आधी उभा राहील त्याचे आधी विकले जाणार, अर्थात कोणी घेतलेच तर. मी रोज नऊ वाजता, कारखान्याच्या स्टेशनरीच्या खोलीत, कोऱ्या पावत्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा राहून मोबाईलवर विक्रीची मागणी लावत असे. पहिल्या दिवशी माझ्यापुढे अडीच लाख शेअर होते. पाचव्या दिवशी नव्वद हजार. सातव्या दिवशी मी घड्याळ सेकंदांसह जुळवले. तिथल्या शिपाईमामांनी मला रोज विचारायला सुरुवात केली, “साहेब, काही हवंय का?” आणि मी रोज एक खोडरबर घेऊन बाहेर पडत असे. माझ्या खणात सध्या आठ खोडरबर आहेत.

दुकानमालकाने शनिवार, सकाळी अकरा, ही वेळ दिली आहे. आपल्या बहिणीने खिडकीच्या पडद्याचे मापही घेऊन ठेवले आहे. विकल्याचे पैसे खात्यात यायला एक दिवस लागतो. म्हणजे गुरुवार, आजचा दिवस, शेवटचा. घरी मी काय करत होतो, हेही कळवतो. माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून मी जेवताना त्या कंपनीची स्तुती करू लागलो. पहिल्या सोमवारी थोडी केली. भाव जसा उतरत गेला तशी स्तुती चढत गेली. काल, बुधवारी रात्री तर मी भाजीत मीठ नाही हे लक्षात न येता अर्धा तास डबीच्या भवितव्यावर बोललो. ती मला मीठ न देता ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत अशी एकाग्रता मी बाही बसवतानाच पाहिली आहे.

आज, नवव्या दिवशी, मी रांगेत पहिला होतो. भाव एक्कावन्न रुपये पाच पैसे. नऊ चौदाला मी मोबाईलचा पडदा रुमालाने पुसला. सव्वानऊ वाजले आणि काहीही झाले नाही. नऊ सोळा. नऊ सतरा. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले आणि या वेळी त्यांनी काही विचारलेसुद्धा नाही. नऊ अठराला पडद्यावरचे आकडे हलले. चारच्या चार हजार विकले गेले. दादा, मी पावत्यांच्या गठ्ठ्यावर बसलो. दिवसभरात त्या कंपनीचे तेवढेच शेअर हलले. बाकी रांग तशीच राहिली. ह्या विशाल देशात एका अज्ञात मूर्खाने आज सकाळी माझी अब्रू विकत घेतली. देव त्याला उदंड आयुष्य आणि जरा अक्कल देवो. एक षष्ठांश रक्कम बुडाली आहे, ती मी माझ्या साठवणीतून भरणार आहे. दुकानाची अनामत शनिवारी वेळेवर जाईल. हे पत्र बहिणीला दाखवू नये. वहिनींना नमस्कार.

ता. क. : वरील मजकूर मी दुपारी कार्यालयात लिहिला. आता घरी आलो आहे. त्या अज्ञात मूर्खाविषयी लिहिलेले शब्द मी तातडीने मागे घेतो. आपल्या बहिणीने दार उघडताच माझ्यापुढे मोबाईल धरला. मी काही वर्षांपूर्वी, घरातील कागदपत्रे परिपूर्ण असावीत म्हणून, तिच्याही नावाने शेअरचे खाते उघडून दिले होते आणि ते कसे वापरावे याच्या सूचना अनुक्रमांक घालून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवल्या होत्या. तिने त्या तंतोतंत पाळल्या. डबीवाली कंपनी, तीन हजार आठशे शेअर, एक्कावन्न रुपये पाच पैसे, वेळ नऊ अठरा. मी विचारले, हे काय केलेस. “काय म्हणजे? दहा दिवस जेवताना तुम्ही दुसरं काही बोललात का? मला वाटलं, एवढी चांगली कंपनी, एवढी स्वस्त झालीय, आणि ह्यांना घ्यायचं धाडस होत नाहीये. म्हणून मीच घेतले. कापडाच्या ठाणावर सूट असली तर मी काय बघत बसते का?” मी विचारले, पैसे कुठून आणले. ती म्हणाली, “दादाकडून. शिलाई मशीनसाठी म्हणून. सांगू नका त्याला.”

ता. क. २ : तेव्हा दादा, आपण मंगळवारी तिला दिलेले दोन लाख आज सकाळी माझ्याकडे आले आहेत आणि माझे शेअर तिच्याकडे गेले आहेत. ‘जे हातात धरता येत नाही ते मी घेत नाही’ असे आपण ऑगस्टमध्ये मला स्पष्ट कळवले होते. आपल्या पैशांनी तेच आता घेतले गेले आहे. (उरलेले दोनशे शेअर घेणारी व्यक्ती खरोखरच अज्ञात आहे. तिच्याविषयीचे माझे मत कायम ठेवतो.)

ता. क. ३ : खरी विनंती आता करतो. मी तिला सांगितले नाही तर ती ते शेअर धरून बसेल, रोज पाच टक्के पडताना पाहील आणि दोष स्वतःला देत राहील. ते मला बघवणार नाही. सांगितले, तर अकरा वर्षांची तिची शिलाई मी न विचारता बाजारात उभी केली होती, हे तिला कळेल. आज ती इतकी खूष आहे की तिने मला विचारले, “किती झाले की विकू?” मी म्हणालो, मला माहीत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. तिने लगेच माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मी सांगणार आहे. उद्या सव्वानऊच्या आत सांगणार आहे. पत्र रात्रीच्या कुरिअरने आपल्याला उद्या दुपारी पोहोचेल, तेव्हा सांगून झालेले असेल. (नसेलही. दोन्ही शक्यता धराव्यात.) कृपया शनिवारी पहिल्या गाडीने यावे. दार ती उघडेल. आल्याबरोबर काही विचारू नये. फक्त पाणी मागावे. तिने भांडे हातात दिले तर दुकान पाहायला तिघे मिळून जाऊ. समोर आपटले तर आपण ते शांतपणे प्यावे, आणि दुसरे भांडे मागून मला बाहेर आणून द्यावे. मी जिन्यात असेन.

आपला,
मेहुणा

स्थळ : शिवणयंत्राचे टेबल (माझ्या टेबलावर ती उद्याचा भाव किती वाढेल याचे गणित करत बसली आहे)
दिनांक : १६ ऑक्टोबर, गुरुवार, सायंकाळ