राक्षस दिव्यश्रीकडे राहावा

मी कृष्णवेणीबाई, कै. वेंकोबा राव यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. अक्षर वाकडे येते, त्यावरून कोणी वेगळा अर्थ काढू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे मुलगा गिरीधर आहे, असे धरून चालले होते.

१. राहते घर सून सौम्या हिला द्यावे. तिने ते विकले तरी चालेल. गिरीधरच्या आठवणीसाठी तिने इथे राहावे, अशी माझी अपेक्षा नाही.

२. बँकेतील ठेव नात दिव्यश्री हिच्या शिक्षणासाठी. पितळी कॉफी फिल्टर सौम्याने घ्यावा. ती माझ्यापेक्षा चांगली कॉफी करते. हे तिला तोंडावर म्हणणे झाले नाही.

३. माझे दीर सत्यनारायण यांना काही देऊ नये. गिरीधरच्या दहाव्याला ते म्हणाले, "वहिनी, इतका शिकला आणि राक्षस काढत बसला." जेवायला मात्र त्यांना बोलवावे.

४. गिरीधरचा जुना टॅबलेट. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

गिरीधर शोळिंगनल्लूरला एका गेम कंपनीत होता. त्यांच्या खेळात एक मुलगी फळ्यांवरून उड्या मारत जाते. शेवटी पूल लागतो. पुलावर राक्षस असतो. मोठे पोट, लहान डोके, हातात सोटा. तो टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. डोक्यावर उड्या मारल्या की खाली पडतो. त्या खेळात प्रत्येक राक्षस त्याला बनवणाऱ्याच्या घरची भाषा बोलतो. हा राक्षस गिरीधरने केला, आवाजही त्याचाच आहे. त्याने मला स्वयंपाकघरात विचारले होते.

"अम्मा, पडतांना हा काय म्हणेल?"

"मरतो का तो?"

"मरतो. खेळ पुन्हा लावला कीं परत उभा."

"मग जाऊन येतों म्हणेल कीं."

तो हसत सुटला. आमच्या तंजावरी मराठी घरांत बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. राक्षसालाही तीच शिस्त लागली.

गिरीधर तापाने गेला. रुग्णालयात नेताना तो शुद्धीवर नव्हता. काही म्हणाला नाही.

पुढे कंपनीत पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी ते वाक्य चूक ठरवले. मराठीत असे म्हणत नाहीत, असे त्यांचे मत पडले. आता अपडेट केलेल्या खेळात राक्षस दुसऱ्याच आवाजात "मेलो, मेलो" ओरडतो. त्या गृहस्थांचे मराठी शुद्ध असेल. मी त्यांना क्षमा केलेली नाही.

जुना आवाज या टॅबलेटमध्येच उरला आहे. सबब तो दिव्यश्रीला द्यावा. नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये देऊ नये. अपडेट करायचे का, असे तो विचारत राहतो. 'नंतर' दाबावे. दर वेळी 'नंतर' दाबावे.

आवाज फोनवर उतरवून घेऊ, असे सौम्या म्हणते. घ्यावा. पण त्यासाठी कोणीतरी त्याला पाडायला हवे, आणि ते माझ्यासमोर नको.

मीही तो खेळ खेळते. पुलापर्यंत पोचायला शिकले. तिथे मी उडी मारत नाही. राक्षस येतो, सोटा घालतो, मुलगी मरते, मी पुन्हा सुरू करते. दिव्यश्री शेजारी बसून चिडते. "अज्जी, जंप पण्णु, उडी मार. तो किती स्लो आहे." मी म्हणते, नंतर.

५. माझ्या तेराव्याला, जेवणाआधी, दिव्यश्रीने राक्षसाला पाडावे. आवाज मोठा ठेवावा. सत्यनारायण यांना कमी ऐकू येते. तो "जाऊन येतों" म्हणाला की घरातल्या सर्वांनी "जाऊन ये" म्हणावे. ते म्हणायचे राहून गेले आहे.

मग दिव्यश्रीने खेळ पुन्हा लावावा आणि राक्षस पुलावर उभा दिसला की बंद करावा.

६. या सर्वाची अंमलबजावणी सौम्याने करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: कृष्णवेणीबाई

साक्षीदार:
१. कार्तिकेय, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू.
२. अलमेलू, शेजारीण. यांना मराठी येत नाही. मजकूर तमिळमध्ये सांगितला. त्यांच्या घरीही जाताना असेच म्हणतात, असे म्हणाल्या आणि सही केली.

ठिकाण: तिरुवल्लिकेणी, चेन्नई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५