‘जिंकलो तर’ आणि ‘हरलो तर’

६ मार्च, गुरुवार

हरलो! — ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे वार्ताहराने चारचौघांत सांगायचं नसतं. या पानाला सांगायला हरकत नाही. हरलो, आणि सपाटून हरलो.

सकाळपासून मतमोजणीच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर. डावीकडे त्यांचा प्रतिनिधी, छातीवर चाकाचा बिल्ला. उजवीकडे आमचा, सूर्यफूलवाला. दोन्ही बिल्ले गोल, दुरून सख्खे भाऊ वाटावेत असे. दुपारनंतर मात्र बिल्ले बघायची गरज उरली नाही, चेहरे पुरेसे होते.

निदान लेख लिहायचा नव्हता. निकाल उशिरा लागतो आणि पान लवकर सुटतं, म्हणून आमच्या धंद्यात निकालाचं विश्लेषण आधीच लिहून ठेवतात — दोन्ही बाजूंनी. माझ्या दोन फायली होत्या. एकीचं नाव ‘जिंकलो तर’, दुसरीचं ‘हरलो तर’. संध्याकाळी उपसंपादिकेला फोन करून म्हणालो, “दुसरी लाव.” हिला आम्ही कात्री म्हणतो. मजकूर छाटण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

दिवसभर दादा, माझा थोरला भाऊ, डोक्यात. त्याच्या दारावर चाकाचं चित्र आहे. प्रचारात तो रोज त्यांच्याबरोबर हिंडला, मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्यापायी पुढे ढकललं. मागच्या महिन्यात त्याच्याच टेबलावर, त्याचाच चहा पिता पिता मी म्हणालो, “दादा, तुझ्या डोळ्यांवर पडदा आलाय तो नुसता मोतीबिंदूचा नाही.” टाळी मिळावी असं वाक्य! टाळी मिळाली नाही. दादा उठला, चाचपडत दारापर्यंत गेला, दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. मी निघालो. तेव्हापासून बोलणं बंद.

वडिलांमागे यानेच मला वाढवलं. कारखान्यात टर्नर होता. स्वतः लेथवर उभा राहिला आणि मला संस्कृत पाठशाळेत घातलं. “घरात एक तरी नीट बोलणारा असू दे,” म्हणायचा. बोललो की नीट!

७ मार्च, शुक्रवार

घोटाळा. घोटाळ्यांचा राजा.

सकाळी पेपर उघडला. मथळा माझा, ‘हरलो तर’मधला. पहिले दोन परिच्छेदही त्यातलेच — पराभव मान्य वगैरे. आणि तिसऱ्यापासून शेवटपर्यंत ‘जिंकलो तर’!

झालं असं की, ‘हरलो तर’मध्ये मी त्यांच्या मतदारांना झोडपलं होतं. भुललेले, अविचारी, घोषणांना टाळ्या पिटणारे. ‘जिंकलो तर’मध्ये त्याच माणसांबद्दल मन मोठं केलं होतं. बिचाऱ्यांना हिणवू नका, त्यांचं ऐकून घ्या. त्यात एका टर्नरची गोष्ट होती. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा आपल्यापैकी कुणी फिरकलं नाही, पण चाकवाल्यांचा एक माणूस त्याच्या दारात येऊन बसला, ऐकत राहिला. नाव घातलं नव्हतं. घालायची काय गरज?

थोडक्यात, जिंकल्यावर दाखवायचं म्हणून जे औदार्य मी आधीच शिजवून ठेवलं होतं, ते हरल्यावर वाढलं गेलं.

कात्रीचा चेहरा पांढरा. “सर, जाहिरात आली, जागा कमी झाली, दोन्ही फायली उघड्या होत्या. भलतीकडून उचललं.”

“वाचलं नाहीस?”

“वाचलं ना. उलट वाटलं, सर आज काय सुरेख लिहून गेलेत!”

यावर काय रागावणार? तरी रागावलो. तावातावाने खुलासा लिहिला: ‘कालच्या लेखातील उत्तरार्ध अनवधानाने…’ संपादक म्हणाले, “उद्याचं पान भरलंय. परवा टाकू.” आणि निघताना कात्री हळूच म्हणाली, “पण सर, दोन्ही लिहिलेत तुम्हीच ना?”

आगाऊ!

८ मार्च, शनिवार

सकाळीच वहिनींचा फोन. इतक्या दिवसांनी!

“भाऊजी, लेख वाचला. म्हणजे मी वाचला, यांनी ऐकला. दोनदा.”

मी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“टर्नरचा परिच्छेद आला तशी यांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘हा मी आहे.’ मग म्हणाले, ‘हरल्यावर असं लिहायला छाती लागते.’ मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे यांचं. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. आता म्हणतात, सांग. यायचं तर येऊ दे.”

हरल्यावर असं लिहायला छाती लागते! छाती नाही रे दादा, जाहिरात लागते.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मग उद्याचा खुलासा?”

“छापला तर दादा गेला.”

“आणि नाही छापला तर?”

“तर खोट्यावर मिळाला.”

“मग पेपरात कशाला सांगतोस? त्याला सांग. तोंड आहे ना? संस्कृत शिकलेलं आहे म्हणे.”

तीस वर्षांच्या पत्रकारितेत इतकं स्वच्छ संपादन कुणी केलेलं नाही. देवा, या बाईबद्दल आभारी आहे. तिला हे कळू देणार नाही, डोक्यावर बसेल. खुलासा मागे घेतला. संपादकांना कारण सांगितलं. ते हसले. कार्यालयात दोन्हीकडच्या वाचकांचे फोन येत आहेत, म्हणाले, आणि कुणीच शिव्या देत नाही, हे जरा भीतिदायक आहे.

९ मार्च, रविवार

पाठशाळेतले गुरुजी आठवत राहिले. वाद घालायच्या आधी पूर्वपक्ष मांडायला लावायचे. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं — आणि ते असं मांडायचं की ऐकून समोरच्याने म्हणावं, हो, हेच माझं. तोवर खंडन करायला उभंच राहू द्यायचे नाहीत. एवढी वर्षं शिकलो, आणि निवडणूकभर मी नुसतं खंडन केलं. पूर्वपक्ष एकदाच मांडला, तोही कात्रीच्या चुकीने.

१० मार्च, सोमवार

उद्या. ऑपरेशन दादाचं आणि भीती मला!

११ मार्च, मंगळवार

ऑपरेशन नीट झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यावर अजून तोच जुना पडदा. खाटेवर उताणा, हालायचं नाही. वहिनी कपडे बदलायला घरी गेल्या. खोलीत आम्ही दोघं आणि खडखडणारा एक पंखा.

“आलास?”

“आलो.”

“पंख्याला तेल नाही. बेअरिंग जाणार.”

एवढ्यावर आमचा समेट झाला असता. दादाला तेवढं पुरतं. पण तो म्हणाला, “तो लेख वाच. तुझ्या तोंडून ऐकतो.”

मोबाइलवर काढला. पहिले दोन परिच्छेद वाचले. तिसऱ्याशी मोबाइल मांडीवर ठेवला.

“दादा, यातला अर्धा लेख छापायचा नव्हता. चुकून छापला.”

“कुठला अर्धा?”

“चांगला.”

पंखा खडखडत राहिला. मग मी सगळं सांगितलं. दोन फायली, कात्री, जाहिरात, खुलासा. दादाच्या तोंडावर काही दिसेना; अर्धं तोंड पट्टीतच. मग म्हणाला, “मग जो छापायचा होता, तो वाच.”

“कशाला?”

“वाच म्हणतो ना.”

वाचला. माझं मलाच ऐकवेना. ‘अविचारी’ आलं तिथे तो “हं” म्हणाला. ‘भुललेले’ला पण “हं.” संपलं. आता तो दार दाखवणार, फक्त या वेळी उठता येत नाही म्हणून बोटाने, अशी माझी खात्री.

“म्हणजे तू हरलास तर मी मूर्ख,” दादा म्हणाला, “आणि जिंकलास तर मी बिचारा. तुझ्या दोन्ही लेखांत मी शहाणा कुठेच नाही रे!”

न्यायशास्त्र, व्याकरण, तीस वर्षांची पत्रकारिता — सगळ्यांनी मिळून हात वर केले.

“मी विचार करून मत दिलं,” तो म्हणाला. “कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा तुझ्या पेपरात चार ओळी आल्या नाहीत. तुला पत्ता माहीत होता. लहानपणी माझा डबा घेऊन यायचास तिथे.”

“चुकलं, दादा.”

“ते डोळ्यांवरच्या पडद्याचं?”

“तेही.”

“हं. पाणी दे.”

पाणी दिलं. मान उचलायची नव्हती, म्हणून चमच्याने. लहानपणी मला ताप आला की तो असंच पाजायचा आणि निम्मं उशीवर सांडायचा. मीही सांडलं. “तुला तेवढं एक काम जमत नाही,” म्हणाला — आणि हसला! पट्टी हलेल म्हणून नर्स ओरडली दोघांना.

वहिनी आल्या तेव्हा त्याने माझं मनगट धरलेलं होतं. विचारलं तर म्हणेल, नाडी बघत होतो.

१२ मार्च, बुधवार

पट्टी निघाली. दादाने आधी पंखा पाहिला, मग वहिनींना, मग मला. “अरे, म्हातारा झालास की!”

इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

बंद कारखान्यापाशी गेलो. गेटवर गवत. समोरच्या टपरीवर दादाचे दोन जुने सोबती भेटले. त्यांनी चहा पाजला आणि तासभर माझ्या पेपराची सालटी काढली. एकाने सूर्यफुलाला मत दिलं होतं, एकाने चाकाला. शिव्या मात्र दोघांनी एकमताने दिल्या. सगळं लिहून घेतलं. मध्ये बोललो नाही. (बायकोचा यावर विश्वास बसलेला नाही.)

नवी फाईल उघडली. तिला ‘तर’ नाही. कात्रीला म्हणालो, “यातलं काही कापू नकोस.” म्हणाली, “जाहिरात आली तर?” बाई सुधारणार नाही. तिचं भलं होवो. तिच्या एका चुकीने मला माझा भाऊ परत दिला.

राजकारणाचं काय? पाच वर्षं त्यांची. मला अजूनही वाटतं की देशाने चूक केली. पण आता ‘देश’ लिहिताना हात जरा थांबतो. देशाला मोतीबिंदू असतो, वहिनी असते, बंद पडलेला कारखाना असतो.

१६ मार्च, रविवार

दादाचा फोन. आवाज अगदी खालचा. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या म्हणे.

“ऐक. फ्रिजवर ती नमुना मतपत्रिका लावलेली होती ना प्रचारातली, ती आज वाचली. नव्या डोळ्याने.”

“बरं मग?”

“मी बटण दाबलं ते पार खालच्या चित्राचं. पक्कं आठवतंय. गोल होतं, भोवती आऱ्या होत्या.”

“चाक.”

“चाक वरून दुसरं आहे. खाली… पाकळ्या होत्या रे त्या.”

मी खुर्चीत बसलो.

“दादा, खुलासा छापायचा का?”

“नको,” तो म्हणाला. “तुझं राहिलं तसं माझंही राहू दे.”