टर्बोच्या पाइपची चीर

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मला तुमचाच राग येऊन राहिला, कारण तुमचं म्हणणं खरं निघालं.

आपल्या शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळचे एक दातांचे डॉक्टर त्यांची टर्बोवाली डिझेल गाडी घेऊन माझ्याकडे गॅरेजमध्ये आले. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक ओलांडायला जोर कमी पडतो म्हणाले. मी लॅपटॉप जोडला, टर्बोचा दाब वाढवला, डिझेल वाढवलं. बायपासवर गाडी अशी पळाली की डॉक्टर हसतच उतरले. आठव्या दिवशी परत. "दीदी, चढ़ाई पे गाड़ी बैठ जाती है." मी आकडे बदलले. पुन्हा परत. सेन्सर बदलला. पुन्हा परत. तीन आठवडे त्या स्क्रीनसमोर बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

दीक्षितपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर. मी अकरावीत आहे. जोर वाढावा म्हणून तुमच्या जीपच्या डिझेल पंपाचा स्क्रू मी गुपचूप फिरवलाय आणि गल्लीभर काळा धूर झालाय. कारखान्यात दिवसभर ट्रकची इंजिनं तपासून तुम्ही आलेले. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही हात पुसत विचारता, "काहून फिरवला?"

"जोर कमी होता."

"एअर फिल्टर उघडून पाह्यलं?"

मी मान हलवून नाही म्हणते.

"हवा कोंडलेली, अन् तू डिझेल वाढवून राहिली. आधी आहे ते नीट कर, मग वाढव."

दोन दिवस तुम्ही मला जीपला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तुमचे चांगले पाने माझ्यासमोर ठेवले आणि निघून गेलात. तुम्ही एक शब्द तरी बोलायला हवं होतं.

परवा मी लॅपटॉप मिटला आणि हाताने एकेक पाइप चाचपला. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी पाइपला खालून चीर होती. जुनी, तेलाने माखलेली. गाडी आली तेव्हापासूनची. हवा तिथून निसटत होती आणि मी मागितलेला दाब भरून काढायला टर्बो झेपेल त्याहून जास्त फिरत राहिला. उघडला, तर पाती घासलेली, दांडा बोटांनी हलत होता. पहिल्या दिवशी दहा मिनिटं खाली वाकून बघितलं असतं तर.

डॉक्टरांनी विचारलं, "हुआ क्या?"

मी म्हटलं, "टर्बो पुराना था, जाना ही था."

"चलो, आपने मेहनत तो बहुत की," ते म्हणाले. मला मान वर करवेना.

नवा टर्बो बसवला, पाइप बदलला, मूळचं सेटिंग परत टाकलं. गाडी चढ चढते. उद्या ते घ्यायला येतील. टर्बो चांगला होता, बाबा, माझ्या हातून गेला. हे डॉक्टरांना सांगायला सकाळपासून दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. तुम्हाला लिहिणं त्याहून सोपं होतं.