पुलाखालची गादी

धाकट्या,

तुझे गमबूट घालून जातेय, माझ्या बुटांत पाणी शिरतं. दूध उतू गेलंय, पण शेगडी पुसायला थांबले नाही. आईला म्हणावं, ताई नदी साफ करायला गेलीय. बाकी काही बोलू नकोस.

गेल्या रविवारी नदी साफ करताना आमच्या गटाला पुलाखाली, झाडाच्या मुळांत अडकलेली एक गादी दिसली. गटाचे मास्तर म्हणाले, "कुणाच्या घरची ही अक्कल?" सगळ्यांबरोबर मीही शिव्या घातल्या. मग चिखल ओघळला आणि कोपऱ्यावरचं निळं ठिगळ दिसलं. बाबांच्या आजारपणात ते मीच लावलं होतं, माझ्या जुन्या गणवेशाचं.

तू तर म्हणाला होतास, कचरा डेपोत देऊन आलो. डेपो बंद होता की तिथल्या ढिगावर बाबांची गादी टाकवेना, देव जाणे. आठवडाभर विचारायला तोंड उघडतेय आणि मिठाचा डबा मागतेय.

आज दोर बांधून ती बाहेर ओढायचीय. पाणी पिऊन नुसता दगड झालीय, त्या दिवशी सहा जणांकडून तसूभर हलली नाही. जुने कपडे घाल. हातमोजे दाराच्या कडीला अडकवलेत. तिथे कुणाला काही सांगायची गरज नाही, फक्त माझ्या मागे दोर धर.

बाबांना नेलं तेव्हा पुढचा खांदा तुझा होता. त्यांचं एवढंच उचलायचं राहिलंय. ये.

ताई