पंचाची पाठ

आप्पा, परवा मलाही पंचाची पाठ मिळाली. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

तुमची पंचाची पाठ अजून स्टुडिओत काउंटरच्या वर टांगलेली आहे. माधवनगरात नवा माणूस आला की विचारतोच, एवढा मोठा फोटो आणि त्यात नुसती एक पाठ? मग मला सांगावं लागतं. यात्रेतली शेवटची, मानाची कुस्ती. हलगी टिपेला पोचलेली, खालचा पैलवान चीत होतोय, आमचे आप्पा बटण दाबतात आणि नेमके तेव्हाच पंच निकाल बघायला मधे वाकतात. बाजारपेठेनं तुमची टर उडवायची बाकी ठेवली नाही. दुसऱ्या कुणी ती निगेटिव्ह चुलीत घातली असती. तुम्ही ती मोठी केलीत, चौकट करून भिंतीवर चढवलीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागलात, "ह्यो माजा गुरू." लोकांचं हसणं असं आयतं आपल्या बाजूला वळवून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हा पोरीबाळी कुस्तीच्या फडात जात नसत. माझा फड म्हणजे आपलं स्वयंपाकघर. खिडकीला घोंगडं लावून तुम्ही अंधार करायचात, आई काटवट उचलून कुरकुरत सोप्यात जाऊन बसायची, आणि लाल बल्बच्या उजेडात ट्रेमधल्या कागदावर पैलवान हळूहळू उमटायचे. आधी लांगेची कड, मग मांड्या, मग चेहरा. तुम्ही चिमट्यानं कागद हलवत सांगताय, "उन्हाकडं पाठ करायच्या नादात फसलो बग. समोर, हलगीवाल्यांच्या शेजारी हुबा ऱ्हायला पायजे हुतो. उन डोळ्यात आलं असतं, पर कुस्ती दिसली असती." हे मी किती वेळा ऐकलं असेल! एकदा तुमचा कॅमेरा घेऊन मी शेजारच्या शेळीमागं खटाखट बटण दाबत सुटले होते, तेव्हा तुम्ही कॅमेरा काढून घेतलात आणि म्हणालात, "फोटू बोटानं न्हाई काडत, पायानं काडत्यात. आदी कुटं हुबं ऱ्हायाचं त्ये ठरीव." मी रुसून बसले. शेळी मात्र तुमच्याकडं बघत निवांत उभी राहिली, फितूर कुठली.

आता फडात पोरी नुसत्या जात नाहीत, शड्डू ठोकतात. कुपवाडकडचे एक गृहस्थ, फौजेतून रिटायर झालेले, गेल्या आठवड्यात दुकानात आले. पोरगी मातीत वाढलेली, आता तीही फौजेत भरती झालेली, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला निघणार. औंधजवळच्या एका गावात यमाईच्या यात्रेची शेवटची कुस्ती तिची होती. "ताई, पोरगी मारनार त्ये मारनार," ते म्हणाले, "पर घरात नुसत्या ढाली हायत. समोरचीची पाठ लागल्याला एक बी फोटू न्हाई. ह्येच्यानंतर माती कवा नशिबात ईल, कुनाला ठावं. तेवढा एक द्या." मी हो म्हणाले आणि मान वर केली, तर समोर तुमचा गुरू.

म्हणून मी चार कॅमेरे नेले. चार म्हणजे कसे, सांगते, तुम्हाला मजा वाटेल. एक माझ्या हातात. त्याच्या डोक्यावर काडेपेटीएवढी एक डबी, आणि तशाच डब्या दुसऱ्या तीन कॅमेऱ्यांवर. मी इथं बटण दाबलं की ते तिघं तिकडं आपापल्या जागी उघडझाप करतात. मधे वायर नाही, माणूस नाही. पायानं फोटो काढायचा ना, मग मी एकाच वेळी चार ठिकाणी उभी राहिले! एक कॅमेरा कर्ण्याच्या खांबाला बांधला, एक पाहुण्यांच्या मंडपाच्या बांबूला. तिसरा बांधला हलगीवाल्यांच्या शेजारी, उन्हाच्या तोंडावर. कुठल्याही शहाण्या फोटोग्राफरनं तिथं कॅमेरा लावला नसता. मातीच्या हौद्याच्या मधोमध तिथल्या वस्तादांना उभं करून चौघांचा फोकस धरला, तो हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली आणि मी उन्हाला पाठ देऊन उभी राहिले.

वस्ताद पिकल्या मिशांचे, भक्तिमान गृहस्थ. कुस्त्या सुरू व्हायच्या आधी त्यांनी मातीची पूजा केली, हलगीला कुंकू लावलं, आणि हाताशी आहेच म्हणून जाता जाता शेजारच्या कॅमेऱ्यालाही लावलं. कुठं? बरोबर काचेवर. मी दुपारभर पलीकडं उभी, मला काय पत्ता! दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा करताना तुम्ही मला बजावायचात, "डोळ्याला न्हाई गं, पाठीला लाव," ते वस्तादांना कुणी सांगायचं?

शेवटची कुस्ती लागते. सलामी होते. पोरगी बारकी, दुसरी तिच्या दीडपट. हलगी अशी कडाडते की माझ्या हातातला कॅमेरा थरथरतो. बराच वेळ नुसती झोंबाझोंबी, आणि मग पोरीचा एकदम घिस्सा डाव, समोरची उताणी! मी बटण दाबलं. चारी कॅमेरे एकदम खटकन वाजले. फड उठून नाचायला लागला, बाप मातीत शिरला, लेकीला खांद्यावर घेऊन रडायला लागला.

मी कॅमेऱ्यात बघितलं. पंचाची पाठ. आप्पा, शप्पथ, तशीच! फक्त धोतराच्या जागी ट्रॅकपँट. पळत कर्ण्याकडं गेले, तर तिथं हवेत उडवलेला फेटा. मंडपाच्या बांबूवरच्या कॅमेऱ्यात उठून उभ्या राहिलेल्या पाहुण्यांची डोकी. हलगीवाल्यांपाशी पोचले आणि काच बघितली. तिच्यावर अंगठाभर कुंकू.

पण कुस्ती त्याच कॅमेऱ्यात होती. समोरचीचे दोन्ही खांदे मातीला टेकलेले, वर आपली पोरगी, तोंड उघडं, आणि वरच्या अर्ध्या आभाळात उन्हानं पेटलेला तांबडा डाग. मी फौजींना म्हणाले, डाग कॉम्प्युटरवर काढून देते. ते दचकलेच. "आवं ताई, पुसू नगासा! यमाईचा हात हाय त्यो." वस्ताद मागं उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

परत येऊन फोटो मोठा केला तेव्हा आणखी एक दिसलं. कुस्तीच्या पलीकडं, काठावर, कॅमेरा धरलेली मी. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डावा डोळा गच्च मिटलेला, जीभ दातांत. लहानपणी कितीदा तरी मी तुमच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आहे, समोर तुमचं हेच तोंड असायचं. मी हे कधी उचललं, मला ठाऊक नाही. मी एकटीच स्टुडिओत मोठ्यानं हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले.

तो फोटो आता तुमच्या गुरूशेजारी लावला आहे, डागासकट. तुम्ही गेलात तिकडं हे पत्र टाकायला पेटी कुठली, ते राहील इथंच. एक मात्र सांगते. गिऱ्हाईक वर बघून विचारतं, हा कुणी काढला? उभं राहायची जागा तुम्ही सांगितलेली, तोंडही तुमचंच. मी म्हणते, आमच्या आप्पांनी.