अल्पशा आजाराने

काका, आज मिरजोळ्यातल्या एका पोराची बातमी लिहिली. त्याने जीव दिला. चारच ओळी. तुम्ही गेल्याला आठ वर्षं झाली तरी पाठवण्याआधी मोठ्याने वाचली, समोर कुणी नव्हतं म्हणून भिंतीला. मी आता मोबाईलवरच्या एका बातम्यांच्या चॅनेलसाठी मोटारसायकलवर फिरतो, राजापूर ते संगमेश्वर. बारावी अजून राहिलीच आहे, ते सोडा. मालकाचा फोन आला, "चिठ्ठी कुठाय? कसं केलं ते कुठाय? बाकीच्यांनी फोटोसकट टाकलंय." म्हटलं, टाकू देत, त्याची बहीण उद्या ह्याच गावातनं शाळेत जायचीय. "मोठा संपादक लागून गेलास!" म्हटलं, मी नाही, एक होते. चार ओळी तशाच गेल्या. 

तुमच्या पेपरात आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात संगमेश्वरकडच्या एका बाईची अशीच बातमी आणलेली. नाव घातलं नव्हतं, म्हणून स्वतःवर खूश होतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "वाडी लिहिलीस. वाडीत घरं किती रे?" चार, म्हटलं. "मग नाव लिहायचं काय ठेवलंस, मेल्या? आणि नवऱ्याशी भांडणातून, हे कुणी सांगितलं?" स्टँडवर म्हणत होते. "स्टँडवर गाडी आत्ता येईल असंपण म्हणतात." मग हाताला धरून ऑफिसच्या मागे, तुमच्या घरात नेलंत. काकू चुलीपाशी कुळथाची पिठी ढवळतायत. "हिला वाच," तुम्ही म्हणता. मी वाचतो, निम्म्यात माझाच आवाज बसतो. काकूंची पळी थांबते. "तिची आई वाचील हे, तर काय होईल रे तिचं?" तोवर पिठी बुडाला लागते. ती करपलेली पिठी आपण तिघांनी भातावर घेऊन खाल्ली. त्या दिवसापासून अशी बातमी आधी स्वयंपाकघरात, मग छापायला, हा नियमच झाला. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय, सगळं गेलं. एका कारणाने माणूस जात नाही, तेव्हा कारणही गेलं. शेवटी मात्र एक ओळ यायची, मन फार जड झालं तर कुणाशी तरी बोला, सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. तुम्ही म्हणायचात, "काठावर बसलेलाही पेपर वाचतो. त्याला वाट दाखवायची तर डॉक्टरकडची दाखव."

पण लपवायचंही नाही म्हणायचात. तुमची ती गोळी सगळ्या ऑफिससमोर घ्यायचात. एकदा जाहिरात द्यायला आलेल्या बागायतदाराने विचारलं, "प्रेशरची का?" तुम्ही म्हणालात, "नाही हो, नैराश्याची. वीस वर्षं झाली. तुमचं आंब्याचं कलम रुसलं तर फवारणी करता ना?" तो चहा अर्धा टाकून उठला. आणि पुढच्या आठवड्यात परत आला, भावासाठी डॉक्टरांचा पत्ता विचारायला! त्या दिवशी मला म्हणालात, "मी गेलो की माझ्या बातमीत ही ओळ घाल. गोळी घेत होता आणि रोज कामावर येत होता."

तुम्ही भर दुपारी गेलात, हृदय बंद पडून. बातमी माझ्याकडे आली. ती ओळ मी लिहिलीपण होती. ऑफिसात कुणी तरी मागून म्हणालं, "ते कशाला आता? लोक भलतंच समजतील." मी ओळ खोडली आणि 'अल्पशा आजाराने' असं लिहिलं. वीस वर्षांचा आजार, अल्पसा. आज मालकाशी बोलताना माझा आवाज जराही कापला नाही, आणि उद्याही कापणार नाही, ते मला पक्कं येतं आता, तुम्हीच शिकवलंत. पण काकूंकडे गेलो की मी अजून पडवीतच बसतो. त्या आत बोलावतात, मी घाई आहे म्हणतो. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्यांना वाचून दाखवावा म्हणून आज निघालो होतो, तो परत खिशातच आला. काका, तुमची तेवढी एकच बातमी मी स्वयंपाकघरात न वाचता छापायला दिली.