सोळा कॅमेऱ्यांचा सेक्रेटरी

२ जून
सोसायटीत सोळा कॅमेरे बसले. चेहरे ओळखणारे! समस्त रहिवाशांचे फोटो मी जातीने भरले. अनोळखी कुणी रेंगाळला की माझा फोन वाजणार. २९ला सेक्रेटरीची निवडणूक. पुढची पाच वर्षंही मीच, प्रश्नच नाही.

५ जून, सकाळी
तळमजल्यावरच्या रिटायर्ड मुख्याध्यापिकेचा चौकशीचा अर्ज आला. सगळे तिला मोठ्या बाई म्हणतात, म्हणून शेफारली आहे. कॅमेरे काय टिपतात, कोण बघतं, किती दिवस ठेवतं? मी म्हटलं, निश्चिंत राहा, फक्त मीच बघतो. म्हणाल्या, तीच तर काळजी आहे. खवचट!

५ जून, संध्याकाळी
ठरलं. संपूर्ण पारदर्शकता! कॅमेऱ्यांचं चार पानी धोरण लिहिलं. सुरक्षेच्या कारणास्तव ऑफिसच्या कपाटात ठेवलं. किल्ली माझ्याकडे.

११ जून
फोन वाजला: अनोळखी इसम, दुसरा जिना. धावलो. पसार! पुन्हा वाजला, पुन्हा धावलो. आज चौदा वेळा. चोर भलताच चपळ. फोटो महिन्याच्या रिपोर्टातच येतो, त्यामुळे पंचाईत.

१७ जून
मोठ्या बाई सह्या गोळा करतायत. लोकांना म्हणे धोरण वाचायचंय. नसत्या सवयी! त्यांच्या दारी कोण कोण जातं, ते बघून ठेवतोय. लोकांच्या हितासाठीच.

२४ जून
त्रेचाळीस सह्या. ठीक. आता सभेतच रिपोर्ट पडद्यावर उघडणार. आधी स्वतःसुद्धा बघणार नाही, नाहीतर बाई म्हणतील फेरफार केला. चोरही दिसेल, बाईंचं तोंडही बंद होईल.

२९ जून
सभा झाली.
अनोळखी इसम एकच. चारशे बारा वेळा. चौकड्यांच्या पायजम्यात. सगळ्यांचे फोटो भरताना माझाच राहिला होता. तांत्रिक चूक आहे, असं सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग त्यातलेच, मी बाईंच्या दाराबाहेर रेंगाळतानाचे अठ्ठावीस फोटो आले. ते बघून कुणी हसलं नाही.
मतदान हात वर करून. मला एक मत. माझंच. बायको शेजारीच बसली होती.
घरी आल्यावर तिला विचारलं, निदान तू तरी? ती म्हणाली, महिनाभर मी काहीही सांगायला लागले की तुम्ही मान डोलवत फोनमधला जिना बघायचात. काय सांगत होती, ते विचारलं. म्हणाली, आता राहू दे.